जमिनीवर लिहिलेली बखर

लहानपणी दिवाळीत आम्ही मुले अंगणात किल्ला करीत असू. दगडविटांवर चिखल थापायचा, त्यावर अळीव पेरायचे, पायथ्याशी आरशाचा तुकडा बसवून तळे करायचे आणि सुतळीने आखून शेते पाडायची. ती शेते इतकी सरळ निघत की आजोबा हसून म्हणत, "अरे, देवाने केलेली जमीन इतकी सरळ कधी असते काय? ही तुमची जमीन खोटी!" पुष्कळ वर्षांनी हॉलंडमध्ये विमान उतरू लागले आणि खिडकीतून खाली नजर गेली, तेव्हा मला आजोबांचे ते वाक्य एकदम आठवले. खाली सुतळीने आखलेली जमीन होती. चौकोनाला लागून चौकोन, त्यांच्यामधून चंदेरी पाण्याच्या रेघा, रेघांच्या कडेने ओळीत उभी केलेली झाडे. कुठे टेकडी नाही, वळण नाही, की वाकडा बांध नाही.

विमान टेकले ती ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीच्या तीनएक मीटर खाली आहे. १८५२ पर्यंत तेथे सरोवर होते आणि त्यावर गलबते चालत. म्हणजे आपण विमानाने आकाशातून उतरतो ते थेट एका सरोवराच्या तळावर! शेजारचे प्रवासी सामान काढण्याच्या गडबडीत होते. मी मात्र क्षणभर खुर्चीतच बसून राहिलो. आपल्या डोक्यावर आता कितीतरी पाणी असावयाचे होते, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

त्या देशात माझा मुक्काम तीन आठवडे होता. संग्रहालये पाहिली, चित्रे पाहिली. पण विमानातून दिसलेला तो आखीव पट डोळ्यांपुढून हलेना. रांगोळीवरून चालणाऱ्या मुंगीला रंग दिसतात, रांगोळी दिसत नाही. जमिनीवरून इतिहास पाहणाऱ्याचेही तसेच होते. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेला ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाचा एक इंग्रज संशोधक होता. शेतात उभे राहून न दिसणाऱ्या प्राचीन शेतांच्या आणि वस्त्यांच्या खुणा उंचावरून स्पष्ट उमटतात, हे त्याने इंग्लंडमध्ये दाखवून दिले. १९२८ साली अलेक्झांडर कायलर याच्या जोडीने त्याने त्यावर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. हॉलंडमध्ये तर खुणा शोधाव्याही लागत नाहीत. सारा देशच माणसाच्या हातचे अक्षर आहे. तेव्हा ठरवले की, ही बखर एकदा वरूनच वाचायची.

ओळखीच्या एका कुटुंबाच्या खटपटीने लेलीस्टाडच्या विमानतळावरून चार आसनांच्या लहानशा विमानातून तासाभराची फेरी मिळाली. वैमानिक सत्तरीला टेकलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांचा जन्म पोल्डरवरचा. बांध घालून, आतले पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीला तेथे पोल्डर म्हणतात. त्यांचे आईवडील अशा जमिनीवर वसाहत करायला आलेल्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी होते. इंजिनाच्या आवाजातून ते मधूनमधून दोन शब्द बोलत आणि बोटाने खाली दाखवीत.

ही बखर आम्ही शेवटच्या पानापासून वाचायला घेतली, कारण लेलीस्टाड हेच मुळी या ग्रंथातील अगदी अलीकडचे प्रकरण. येथे पूर्वी झाउडरझे नावाचा समुद्र होता. उत्तर समुद्राचा तो एक हात देशाच्या पोटात शिरलेला. त्याला बांध घालून अडवण्याची योजना कॉर्नेलिस लेली या इंजिनियरने १८९१ साली मांडली. लोकांनी ती ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली. १९१६ च्या जानेवारीत महापूर आला, तेव्हा तिची आठवण झाली; १९१८ मध्ये कायदा झाला आणि २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटर लांबीच्या बांधातील शेवटचे खिंडार बुजले. समुद्राचे सरोवर झाले, खाऱ्याचे हळूहळू गोडे झाले. लेली १९२९ मध्येच वारला होता. ते शेवटचे खिंडार बुजलेले त्याने पाहिले नाही. शहराला मात्र त्याचे नाव मिळाले.

मग सरोवराच्या एकेका भागाला बांधाचे कडे घालून आतले पाणी उपसण्यात आले. ईशान्येचा पोल्डर १९४२ मध्ये कोरडा झाला, पूर्व फ्लेवोलंड १९५७ मध्ये, दक्षिण फ्लेवोलंड १९६८ मध्ये. पाणी गेल्यावर उरे तो नुसता चिखल, माणसाचा पाय न ठरणारा. त्यावर विमानातून बोरूचे बी पेरीत. बोरू मुळांनी पाणी शोषी, चिखल आवळून येई, मग बोरू जाळून जमीन नांगराखाली आणीत. आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर मूठभर अळीव टाकावे, तसे विमानाने समुद्राच्या तळावर बी टाकलेले! ती रीत ऐकून मला हसू आले आणि लगेच आदरही वाटला.

या पानावरचे अक्षर अगदी छापील. प्रचंड लांबरुंद आयत, एकाच मापाची खळी, मध्यभागी एमेलोर्ड हे गाव आणि त्याच्याभोवती कड्यासारखी बसवलेली दहा खेडी. एका खेड्यापासून दुसरे सायकलीने सहज गाठता यावे, या हिशेबाने ती आखली. माणसेही अशीच निवडून घेतली. शेत मागणाऱ्याच्या घरी अधिकारी येत. शेतीची माहिती विचारीत आणि बाईने घर कसे ठेवले आहे तेही पाहत. "माझी आई त्या दिवशी पहाटे चारला उठली होती," वैमानिक म्हणाले. "वडिलांना शेत मिळाले ते तिच्या घासलेल्या भांड्यांमुळे, असे ती शेवटपर्यंत सांगे."

त्या आयतांच्या मधोमध एक लांबट, वेडावाकडा, झाडांनी वेढलेला तुकडा दिसला. आखीव वहीत शाईचा ओघळ पडावा तसा. ते स्खोकलंड. पूर्वीचे बेट. समुद्र त्याला दोन्हीकडून कुरतडीत होता, राखण्याचा खर्च परवडेना, म्हणून १८५९ मध्ये राजाज्ञेने तेथली सुमारे साडेसहाशे माणसे उठवण्यात आली. ऐंशीएक वर्षांनी समुद्रच निघून गेला आणि बेट शेतात उभे राहिले! त्याचे चर्च आजही तेथे आहे, पण लाटांऐवजी भोवती बटाट्याची आणि गव्हाची शेते. थोडे पुढे वैमानिकांनी शेतातील एक बुटका उंचवटा दाखवला. ती जहाजाची समाधी होती. नांगर चालू लागला तेव्हा या जमिनीतून चारशेहून अधिक बुडालेली जहाजे वर आली. काही पुन्हा मातीखाली झाकून जपली आहेत. समुद्राच्या तळावर शेती करणाऱ्याच्या नांगराला कशाची ठेच लागेल, ते सांगता येत नाही.

सरोवर ओलांडून आम्ही पश्चिमेला आलो आणि बखरीची तीनशेहून अधिक वर्षे एकदम उलटली. खाली बेम्स्टर होते. हे सरोवर ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी आपल्या पैशांनी कोरडे केले. काम १६०७ मध्ये सुरू झाले. १६१० मध्ये बांध फुटून सारे पुन्हा जलमय झाले. पुन्हा उपसा करून १६१२ च्या मे महिन्यात तळ उघडा पडला. वाफ नाही, वीज नाही. चाळीसहून अधिक पवनचक्क्यांनी, केवळ वाऱ्याच्या बळावर, सात हजार हेक्टरांचे सरोवर उपसले. चार शतके झाली तरी रस्ते आणि चर अजून त्या वेळच्या चौकोनांवरून हललेले नाहीत. जणू कोणी पाटीवर बाळबोध अक्षर गिरवले आहे: मोकळे, ठसठशीत, एकाखाली एक.

बेम्स्टरच्या दक्षिणेला वाटरलंड लागते. तेथे पाहतो तो अक्षरच बदललेले! चौकोन नाहीत. अरुंद, लांबच लांब पट्ट्या, मधे पाणी, पुन्हा पट्टी. कुठे वळलेल्या, कुठे एकमेकींत घुसलेल्या. घाईने लिहिलेली मोडी लिपी जशी. "ही कोणत्या काळातली?" मी विचारले. "सर्वांत जुनी," वैमानिक म्हणाले, आणि थोडे थांबून पुढे म्हणाले, "सगळा गोंधळ इथून सुरू झाला."

त्यांच्या या दोन शब्दांनी माझी समजूत उलटीपालटी झाली. देवाने जग घडवले आणि हॉलंड मात्र डच माणसाने घडवले, अशी एक फुशारकी सर्वत्र सांगतात. मीही ती ऐकून गेलो होतो. पण या पट्ट्यांची कथा निराळी आहे. हजार वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश पीटचा होता. पीट म्हणजे पाण्यात न कुजता साचलेल्या वनस्पतींचा जाड, स्पंजासारखा थर. तो समुद्रसपाटीच्या वर होता. शेतकरी आले, त्यांनी ठराविक रुंदीच्या पट्ट्या वाटून घेतल्या, चर खणले, पाणी उताराने आपोआप वाहून गेले आणि धान्य पिकू लागले. पण पाणी गेले की पीट आक्रसतो आणि हवा लागली की कुजून जातो. जमीन खाली बसू लागली. शेतकऱ्याने चर आणखी खोल केले. जमीन आणखी बसली. काही पिढ्यांत शेते नदीच्या आणि समुद्राच्या पातळीखाली गेली, तेव्हा बांध आले. पुढे पाणी उताराने जाईना, तेव्हा पंधराव्या शतकाच्या आरंभापासून ते वर चढवायला पवनचक्क्या आल्या. भरीला शहरांना जळण हवे होते म्हणून लोकांनी पीट खणून, वाळवून विकला. खड्ड्यांत पाणी भरले, वाऱ्याने काठ ढासळले आणि खड्ड्यांची सरोवरे झाली.

हार्लेमचे सरोवर, म्हणजे मी ज्याच्या तळावर उतरलो तेच, याच प्रकारे फुगत गेले. शेजारची सरोवरे त्यात मिळाली, काही गावे पोटात गेली. लोक त्याला पाणलांडगा म्हणत. यान लेघवाटर याने १६४१ मध्ये १६० पवनचक्क्यांनी ते उपसण्याची योजना छापली. ती दोनशे वर्षे कागदावरच राहिली. १८३६ च्या नोव्हेंबरातील वादळाने सरोवराचे पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत नेले, नाताळातील दुसऱ्या वादळाने लायडनपर्यंत, तेव्हा कुठे सरकार हलले. वाफेच्या तीन प्रचंड पंपांनी तीन वर्षांहून अधिक काळ उपसा करून १८५२ मध्ये सुमारे १८,००० हेक्टर जमीन मोकळी केली. त्यांतला क्रुकियस नावाचा पंप मी नंतर पाहिला. त्याच्या इंजिनाचा दट्ट्या ज्या नळकांड्यात खालीवर होई त्याचा व्यासच बारा फूट. माझे राहते घर त्यात मावले असते, असे मला तेथे उगाचच वाटले. जमीन लिलावात विकली गेली आणि ती कसायला आलेल्या पहिल्या पिढीने रोगराईत आणि चिखलात फार सोसले.

म्हणजे डच माणसाने सरोवर आटवून जमीन केली हे खरे. पण त्याआधी जमिनीचे सरोवर करण्यात त्याच्याच पूर्वजांचा मोठा हात होता, हेही तितकेच खरे. हॉलंडची पुष्कळशी नवी भूमी म्हणजे जुन्या कर्जाची फेड आहे. आणि कर्ज अजून फिटलेले नाही. पीटची कुरणे अजूनही काही ठिकाणी वर्षाला सेंटिमीटरभर खाली जात आहेत. देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. पंप थांबले तर हे पाणी आपली जागा पुन्हा घेणार.

मग हा देश टिकला कसा? याचे उत्तर वरून दिसत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते. लायडनला राइनलंडचे पाणीमंडळ आहे. १२५५ च्या सनदेत त्याचा उल्लेख येतो, आणि ते आजही काम करते. अशी एकवीस मंडळे देशात आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, त्यांचा वेगळा कर असतो. राज्ये बदलली, धर्मयुद्धे झाली, राजे आले आणि गेले. पाणीमंडळ चालू राहिले. कारण पाणी कोणाचा पंथ विचारीत नाही. मध्ययुगात तेथे एक कठोर रिवाज होता. प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा ठराविक तुकडा राखायला असे. ज्याला तो झेपेना, त्याने आपली कुदळ बांधात रोवायची आणि जमीन सोडून निघून जायचे. जो कोणी ती कुदळ उपटील, त्याची ती जमीन आणि त्याचाच तो बांध. शेत घ्यावे आणि बांध टाळावा, अशी सोय नव्हती.

हे सारे ऐकताना माझे मन आमच्या अष्टागरात गेले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. अलिबागेच्या बाजूला खाडीकाठी आजोबांची थोडी खारजमीन होती. समुद्राच्या बाजूने मातीचा बांध, पाणी बाहेर सोडायला उघाडी, आत भात. उधाणाच्या दिवशी बांधाला खांड पडली अशी हाक आली की घरटी एक माणूस पेंढा आणि चिखल घेऊन धावे. कोणी बोलवायचे नसे, कोणी मोजायचे नसे. पुढे तरणी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. बांध सरकार पाहील, असे गाव म्हणू लागले. गाव पाहील, असे सरकारी माणूस म्हणू लागला. एका आषाढात खांड पडली ती तशीच राहिली. पहिल्या वर्षी कोपऱ्यातले भात जळाले, दुसऱ्या वर्षी अर्धे शेत, आणि चौथ्या वर्षी आजोबांनी तिकडे जाणे सोडले. आमची कुदळ बांधात रोवलेलीच राहिली. उपटायला कोणी आले नाही.

डच माणसे काही देवदूत नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. बांध कमजोर झाले आहेत, असे योहान फान फेन हा इंजिनियर वर्षानुवर्षे सांगत होता. युद्धानंतरच्या ओढगस्तीत कोणी ते मनावर घेतले नाही. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वायव्येचे वादळ आणि उधाण एकत्र आले, नैऋत्येकडील झीलंड आणि आसपासच्या भागांत बांध फुटले आणि १,८३६ माणसे मेली. त्यानंतर डेल्टा योजना झाली. खाड्यांच्या तोंडांशी धरणे बांधण्यात आली. त्यांतील ओस्टरस्खेल्डेच्या धरणाला ६२ लोखंडी दारे आहेत. ती एरवी उघडी असतात, म्हणजे भरतीओहोटी आणि कालवे-मासे जिवंत राहतात, आणि वादळात बंद होतात. ते १९८६ मध्ये पुरे झाले. समुद्राला कायमचे कोंडून भागत नाही, हे शहाणपण त्या दारांत आहे.

आणि अगदी अलीकडे त्या देशाने आणखी एक गोष्ट केली. १९९५ मध्ये नद्यांना एवढे पाणी आले की अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. तेव्हा ठरले की बांध उंच करीत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यावी. काही ठिकाणी बांध मागे घेतले. ब्राबांटमधील ओव्हरडीप या पोल्डरचे शेतकरी तर स्वतःच योजना घेऊन पुढे आले: पुराच्या वेळी आमच्या शेतांवरून पाणी जाऊ द्या, आम्ही घरे आणि गोठे मातीच्या टेकाडांवर बांधतो. अशी आठ टेकाडे तेथे उभी राहिली.

हे वाचले तेव्हा मला बखरीचे पहिले पान सापडले. उत्तरेला फ्रीसलंड आणि ग्रोनिंगेनमध्ये सपाट शेतांतून गोल टेकाडे दिसतात. वर चर्च आणि चार घरे. त्यांना टेर्प म्हणतात. बांध ठाऊक नव्हते तेव्हा, अडीच हजार वर्षांपूर्वीपासून, माती, शेण आणि केरकचरा थरावर थर रचून लोकांनी ती वाढवली. रोमन लेखक थोरला प्लिनी याने पहिल्या शतकात या किनाऱ्यावरची अशी वस्ती पाहिली आणि त्या लोकांची कीव केली. रोमन साम्राज्य गेले, टेकाडे आहेत. आणि विसाव्या-एकविसाव्या शतकातली सगळी यंत्रे हाताशी असताना डच शेतकरी पुन्हा टेकाडावर जाऊन बसला, आणि आपल्या खुशीने बसला.

विमान उतरल्यावर मी वैमानिकांचे आभार मानले आणि विचारले, "समुद्राच्या तळावर झोपताना तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यांनी टोपी काढून हातात घेतली. १७ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला तीन आठवडे उरले असताना, जर्मनांनी वीरिंगरमेअर पोल्डरचा बांध सुरुंगाने उडवला, ती हकिकत त्यांनी सांगितली. सारा पोल्डर पाण्याखाली गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पुन्हा कोरडा केला होता. "भीती वाटते ती पाण्याची नाही," ते म्हणाले. "बांधाकडे पाहायला गेले नाहीत, अशी एक पिढी निघाली तर? भीती तिची वाटते."

परतीच्या प्रवासात मुंबईला उतरण्यापूर्वी विमान खाडीच्या अंगाने वळले. पहाट झाली होती. खाली कांदळवनाचा दाट हिरवा पट्टा दिसत होता. लाटांपासून किनारा राखण्याचे काम तोही करतो, हे आता आपल्याला कळले आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण त्या हिरव्या रानातून एक सरळ रेघ गेलेली दिसली, आणि मधे एका ठिकाणी ती तुटली होती. ती कोणाच्या बांधाची, ते इतक्या उंचावरून मला सांगता येणार नाही. देवाने काढलेली मात्र ती खास नव्हती. आजोबा असते तर मी त्यांना म्हटले असते, सरळ जमीन खोटी नसते. फक्त ती रोज खरी करावी लागते. दिवाळीचा किल्ला तुळशीचे लग्न लागले की मोडला तरी चालतो. हा किल्ला एक दिवसही सोडून चालत नाही.